म्हातारपणी ताकद कमावण्याचा विचार आला कुठून?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गावांना तालीम नवी नाही. कोल्हापूर फार लांब नाही, त्यामुळे शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयाचं वारं या पट्ट्यातही पोचलं. पण तालमीचं सगळं गणित तरुण गड्याच्या अंगावर बेतलेलं. वय उतरलं की पैलवान हौद्याबाहेर, आणि बायाबापड्या तर तिथं पाऊलही टाकत नसत. त्यांची ताकद जात्यावर, उखळात, आडाचं पाणी शेंदण्यात टिकत होती. गिरणी आणि नळ आले, ते कष्ट सुटले. सुटायलाच हवे होते. मात्र मांड्यांना आणि पाठीला त्या जागी दुसरं काम मिळालं नाही.

डॉक्टरी सल्लाही बराच काळ 'आता आराम करा' एवढाच असे. वजन पायरीपायरीनं वाढवण्याची पद्धत रुजली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी 1945 साली ती मांडली: जे वजन जेमतेम 10 वेळा उचलता येतं ते ठरवायचं आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवायचं. तालमीत बैठकांची संख्या वाढते, इथं ओझं वाढतं. म्हाताऱ्या स्नायूला हा फरक फार मोठा आहे. पन्नास हलक्या हालचालींनी दम वाढतो, पण खुर्चीतून उठायला लागणारी ताकद त्यातून फारशी येत नाही.

हे नव्वदीतही चालतं का, याचं उत्तर 1990 साली बोस्टनमध्ये मिळालं. मारिया फियातारोने यांच्या गटानं वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांना 8 आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला. 9 जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 'या वयात स्नायू वाढत नाहीत' ही समजूत तिथंच मोडली.

पण ताकद आली म्हणून पडणं थांबतंच असं नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांच्या गटानं ऐंशी आणि त्यापुढच्या 233 स्त्रियांवर प्रयोग केला, तो 1997 साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन घोट्याला वजन बांधून करायचे व्यायाम आणि तोल सावरायचे व्यायाम शिकवत. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात 88 वेळा पडण्याची नोंद झाली, दुसऱ्या गटात 152. पुढं 2019 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 108 चाचण्या एकत्र तपासल्या. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामानं पडण्याचं प्रमाण 24 टक्क्यांनी घटलं, त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिल्यावर सुमारे 34 टक्क्यांनी. नुसत्या वजनाच्या व्यायामाबद्दल मात्र ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणूनच 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा आणि 3 दिवस तोल-ताकदीचा मिश्र व्यायाम सांगतात.

घोट्याला बांधायच्या त्या वजनाच्या पट्ट्याला दुकान शोधायला नको. जुन्या पँटच्या पायाचा तुकडा घ्या, धुऊन कडक वाळवलेली वाळू किराणा दुकानाच्या काट्यावर अर्धा किलो मोजून भरा, तोंड दुहेरी शिवा, बांधायला रुंद नाड्या लावा. ओली वाळू भरली तर कापड कुजतं. पट्टा सैल राहिला तर पावलावर घसरतो आणि त्यातच पाय अडकतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, म्हणून खाली मऊ कापड हवंच. मधुमेहानं पाय बधिर असतील तर पट्टा सोडल्यावर घोटा रोज पाहावा.

खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, मग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहून पाय मागं दुमडायचा आणि बाजूला उचलायचा. प्रत्येक प्रकार 10 वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन्ही फेऱ्या सहज झाल्या की पाव ते अर्धा किलो वाढवा. इथंच बहुतेक जण चुकतात: महिनोन्महिने तोच अर्धा किलो चालू राहतो. दुसरी चूक श्वास कोंडून धरण्याची, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. उचलताना मोठ्यानं आकडे मोजले की श्वास कोंडत नाही.

बैठकीची जागा खुर्ची घेते. सुमारे 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला 10 आणि पुरुषाला 12 जमले नाहीत तर पडण्याचा धोका जास्त धरतात. बसताना धपकन अंग टाकू नये, सावकाश उतरण्यातच मांडीची खरी कमाई आहे.

खानापूरकडच्या पावसात शेवाळलेलं अंगण, मोरीतली ओली फरशी आणि उंच उंबरा यांचा बंदोबस्त व्यायामाआधी करावा. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असून उठताना अंधारी येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं. ऊसतोडीच्या किंवा यात्रेच्या दिवसांत तीन-चार आठवडे खंड पडला, तर जुन्या वजनावर न जाता निम्म्यापासून पुन्हा सुरू करावं.