मृगाचा किडा

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. पहिली दमदार सर पडून गेली की ओल्या मातीवर सावकाश चालताना दिसणारा लालभडक, मखमली अंगाचा जीव म्हणजे मृगाचा किडा. ठाण्यात येऊरच्या पायवाटांवर, नवी मुंबईत खारघरच्या डोंगरउतारावर त्याला शोधायचे ते याच दिवसांत. मिरगाचा किडा, मखमली किडा ही त्याची आणखी नावे. संस्कृतात तो इंद्रगोप, हिंदीत बीरबहूटी. तेलुगूत त्याला आरुद्र पुरुगू म्हणतात, म्हणजे आर्द्रेचा किडा. नक्षत्र एक पुढचे, पण बारसे पावसानेच केलेले.

नावात किडा असला तरी हा कीटक नव्हे. तळहातावर घेतला की पाय आखडून कुंकवाच्या थेंबासारखा गप्प बसतो. जरा वेळाने चालू लागला की पाय मोजावेत: चार जोड्या. पंख नाहीत, मिशा नाहीत. पुढचे दोन पायच वाट चाचपतात. म्हणून त्याची जागा अष्टपाद वर्गात, कोळी आणि विंचवाच्या शेजारी. त्यातही गोचीड त्याला अधिक जवळची. कुल ट्रॉम्बिडिइडी.

जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ साली यूरोपातल्या जातीला अकॅरस होलोसेरिसियस म्हटले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘सर्वांगी रेशमी’. हे नाव आपल्या ‘मखमली’च्या किती जवळचे आहे! १७७५ मध्ये त्याचा शिष्य फाब्रिसियसने ट्रॉम्बिडियम ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळी काढली. भारतातल्या मोठ्या किड्याला सर्रास ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम लिहितात, पण नुसता रंग आणि आकार पाहून जात ठरवू नये. त्यासाठी पाठीवरचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

खरा गुंता पिलांचा आहे. अंड्यातून निघणाऱ्या अळीला सहाच पाय असतात आणि ती कीटकांच्या अंगाला चिकटून पोसते. प्रौढ किडा मात्र मोकळा फिरणारा शिकारी. दोघांच्या रूपात इतका फरक की एकाच जातीची अळी एका नावाने आणि प्रौढ दुसऱ्या नावाने नोंदला गेल्याचे प्रकार घडले आहेत. अळी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली की मगच दोन्ही नावांची गाठ पडते.

शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात ती पिकावरची कीड टेट्रॅनिकिडी या निराळ्या कुलातली, पानांचा रस शोषणारी. मृगाचा किडा पानाला तोंडही लावत नाही. वाळवी आणि कीटकांची अंडी हे त्याचे खाणे. कुंडीतल्या मातीवर तो दिसला म्हणून औषध फवारू नये.