गिरकी घेताना नाही, थांबताना भोवळ येते

कथकमध्ये नऊ-नऊच्या तीन पल्ल्यांत २७ गिरक्या घेऊन नर्तकी नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते आणि हलतसुद्धा नाही. सराव नसलेला माणूस दहा गिरक्यांतच डगमगतो. गंमत अशी की त्याचा तोल बहुधा गिरक्या थांबल्यावर जातो.

कारण आतल्या कानात आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की द्रव मागे रेंगाळतो, नलिकेतला जेलीसारखा पडदा वाकतो आणि ‘आपण फिरतोय’ असा संदेश मेंदूकडे जातो. गिरकी एकाच वेगाने चालू राहिली तर पडदा हळूहळू सरळ होतो आणि संदेश विरत जातो. अचानक थांबलं की द्रव पुढे वाहत राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो. शरीर स्थिर असूनही मेंदूला उलटं फिरल्यासारखं वाटतं, डोळे आपोआप झटके खातात आणि खोली गरगरते.

कथक आणि बॅले या दोन्ही शैलींतला उपाय मानेत आहे. नजर समोरच्या एका बिंदूवर रोवायची. धड फिरू लागलं तरी चेहरा तिथेच ठेवायचा आणि मान आणखी वळेना की डोकं झटक्यात फिरवून धडाच्या आधी त्याच बिंदूवर आणायचं. मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते, दोन्ही बाजू मिळून १६०. म्हणजे धड जेमतेम २०० अंश फिरेपर्यंत डोक्याला पूर्ण ३६० अंश उरकावे लागतात, धडाच्या जवळपास दुप्पट वेगाने. बदल्यात प्रत्येक फेरीत डोळ्यांना थोडा वेळ स्थिर चित्र मिळतं.

पण सगळं श्रेय या युक्तीला देणं बरोबर नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २९ बॅले नर्तकी आणि २० नौकानयनपटू स्त्रियांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीत बसवलं. अंधारात नजर रोवायला काही नव्हतं, तरीही खुर्ची थांबल्यावर फिरल्याचा भास नर्तकींना कमी वेळ झाला. कानाकडून येणारे संदेश हाताळणारा लहान मेंदूचा एक भागही त्यांच्यात वेगळा आढळला. वर्षानुवर्षांच्या रियाजाने मेंदू कानाचं ऐकणं कमी करतो, असा त्याचा अर्थ.

तुर्कस्तानातले मेवलेवी दर्वेश, म्हणजे गिरक्या घेत साधना करणारे सूफी, मात्र नजर रोवतच नाहीत. डावा पाय खांब, उजवा पाय चाक. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. आणि डावीकडे संथ, एकसारखी गिरकी. वेग बदलत नसल्याने पडद्याला सरळ व्हायला वाव मिळतो. जड घेरदार झगा पसरला की त्याचं वजन अक्षापासून दूर जातं आणि वेग सहजी ढळत नाही. कथकच्या घुंगरांचं याच्या उलट: पायाला शंभर-दीडशे बांधले तरी ते अक्षाजवळ असल्याने गिरकीला फारसे आड येत नाहीत.

बॅलेतल्या सलग ३२ फुएत्ते गिरक्या (एका पायावर फिरत दुसरा पाय चाबकासारखा फिरवायचा) इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानी हिने १८९५ मध्ये ‘स्वान लेक’मध्ये गाजवल्या. त्यांत प्रत्येक फेरीला टाच क्षणभर खाली टेकते, पाऊल जमिनीला रेटून नवा जोर घेतं, आणि तेवढ्यात मोकळा पाय बाहेर फिरत राहून संवेग सांभाळतो. तो पाय आत घेतला की शरीराला वेग येतो. कथकमध्ये टाचेवर फिरतात. टाच नडगीच्या जवळपास खालीच असल्याने भार सरळ उतरतो, आणि टेकणारा भाग लहान असल्याने घर्षणही कमी अडवतं.

शिकताना गिरकी बिघडते ती बहुतेक वेळा या जागांवर. वजन टाचेवरून चवड्याकडे सरकलं की नर्तक दर फेरीला जागा सोडत जातो. हात उशिरा आत आले तर वेग कमी पडतो आणि सम हुकते. डोकं धडाबरोबरच फिरलं तर नजर कुठेच ठरत नाही. सर्वांत वाईट म्हणजे पायांकडे पाहण्यासाठी हनुवटी खाली जाणं. फिरत असताना डोकं झुकलं की नलिकांची दुसरी जोडीही चाळवते, कोलांटी खाल्ल्यासारखं वाटतं आणि मळमळू लागतं. म्हणून आधी पाव गिरकी, मग अर्धी, मग पूर्ण, आणि या सगळ्यात हनुवटी जमिनीला समांतर.