बारकोडचे बारा अंक द्या, तेरावा आम्ही काढतो

लौंग शेवेच्या २०० ग्रॅम पाकिटाला ८९०१२३४५६७८९० आणि ४०० ग्रॅमला ८९०१२३४५६७८९१, अशी यादी घेऊन ग्राहक आमच्याकडे लेबले छापायला येतात. दुसरा नंबर आम्ही परत केला की विचारतात, "एकच तर वाढवला, बिघडलं काय?" (हे नंबर नमुन्याचे आहेत, वापरू नयेत.)

शेवटचा अंक आपल्या मर्जीचा नसतो, तो आधीच्या बारांवरून निघतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक सहा अंक मिळवा: ८+०+२+४+६+८ = २८. उरलेल्या सहांची बेरीज ९+१+३+५+७+९ = ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही बेरीज दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. इथे काहीच कमी नाही, म्हणून ०. चारशे ग्रॅमसाठी एक वाढवायचा तो बाराव्या अंकापाशी: ८९०१२३४५६७९०. आता बेरीज २९ + ७५ = १०४, ११० ला सहा कमी. नंबर झाला ८९०१२३४५६७९०६.

तिप्पटच का? दुप्पट धरली असती, तर २ च्या जागी ७ पडल्यावर बेरीज बरोबर दहाने सरकली असती आणि चूक लपली असती. तीनला १ ते ९ पैकी कशानेही गुणा, शेवटी शून्य येत नाही. म्हणून कुठलाही एकच अंक चुकला तरी स्कॅनर नंबर घेत नाही. फार सुंदर युक्ती आहे ही. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुधा पकडले जातात. पाचचा फरक असलेले मात्र निसटतात, जसे २७ चे ७२. त्यासाठी प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आल्यावर नंबर आपल्या कागदाशी अंकाअंकाने ताडून बघा.

काही ग्राहक म्हणतात, दुसरीकडे असे नंबर लगेच छापून मिळतात. मिळतात, कारण बरीच सॉफ्टवेअर चुकलेला तेरावा अंक परस्पर बदलतात. मग लेबलवर एक नंबर, तुमच्या बिलिंगमध्ये दुसरा, आणि माल दुकानात पोचल्यावर काउंटरवर अडतो. आम्ही त्यापेक्षा काम थांबवून तुम्हाला फोन करतो. त्यात एखादा दिवस जातो, पण लेबलांचा रोल वाया जात नाही.

यादी एक्सेलमध्ये असेल तर रकाना आधी टेक्स्ट करा. नाहीतर लांब आकडा आखडतो आणि फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) रूपात सेव्ह करताना शेवटच्या अंकांची शून्ये होतात.

नंबर आम्ही विकत नाही, तो जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावा. सुरुवातीचे ८९० म्हणजे नंबर त्यांनी दिलेला आहे एवढेच. माल भारतात बनला असा त्याचा अर्थ नव्हे.

पाच पाकिटे असोत की पन्नास, तेरावा अंक काढण्याचे वेगळे पैसे घेत नाही. रोलबरोबर पूर्ण नंबरांची छापील यादी देतो, ती बिलिंगवाल्याला द्या. दिवाळीच्या फराळाची लेबले हवी असतील तर बारा अंकांची यादी नवरात्राआधी पाठवा.