रॉचेस्टर ऱ्हायनोज

रॉचेस्टर ऱ्हायनोज हा अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब होता. १९९६ साली तो मैदानात उतरला आणि मार्च २०२३ मध्ये कायमचा बंद झाला. सगळे आयुष्य खालच्या विभागांत काढूनही या क्लबने १९९९ साली यूएस ओपन कप, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या विभागांतील क्लबांसाठी खुला असलेला बादफेरीचा चषक, जिंकला. मेजर लीग सॉकर (एमएलएस) ही अव्वल लीग १९९६ मध्ये सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही संघाला हा चषक जिंकता आलेला नाही. २००८ मध्ये चार्ल्सटन बॅटरी आणि २०२२ मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, पण तिथे हरले.

ऑन्टारिओ सरोवराकाठचे रॉचेस्टर हे कोडॅक कंपनीचे गाव. इथे फुटबॉलची आवड जुनी होती. रॉचेस्टर लान्सर्स या आधीच्या संघाने १९७० मध्ये तेव्हाची राष्ट्रीय लीग जिंकली होती. 'रेजिंग ऱ्हायनोज', म्हणजे खवळलेले गेंडे, असे मूळ नाव घेऊन नवा क्लब ए-लीग या दुसऱ्या विभागात आला. पहिल्याच हंगामात एमएलएसच्या दोन संघांना हरवून तो ओपन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे डीसी युनायटेडने त्याला ३-० ने हरवले. सामने बेसबॉलच्या मैदानावर होत, तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरासरी दहा हजारांहून अधिक प्रेक्षक येत. त्या काळी अव्वल लीगच्या काही संघांनाही एवढी गर्दी जमवणे जड जात होते.

प्रशिक्षक पॅट एर्कोली यांच्या संघाने १९९९ मध्ये जे केले, ते नशिबाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. बादफेरीच्या स्पर्धेत एखादा मोठा संघ गळाला लागू शकतो; इथे ओळीने चार लागले. आदल्या वर्षी लीग आणि चषक दोन्ही जिंकलेल्या शिकागो फायरला त्यांनी १-० ने हरवले. मग डॅलस बर्न २-१ ने आणि उपांत्य फेरीत कोलंबस क्रू ३-२ ने हरले. १४ सप्टेंबरला कोलंबसच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये कोलोरॅडो रॅपिड्सविरुद्ध अंतिम सामना झाला. डग मिलर आणि यारी ऑलनट यांनी गोल केले आणि ऱ्हायनोज २-० ने जिंकले. त्याच वर्षी स्वतःच्या लीगच्या अंतिम सामन्यात मात्र मिनेसोटाने त्यांना हरवले. ती लीग त्यांनी १९९८, २००० आणि २००१ मध्ये जिंकली.

इंग्लंडमध्ये असा संघ बढती मिळवून वर गेला असता. अमेरिकेत बढती-घसरणीची पद्धत नाही. अव्वल लीगमधली जागा गुणांवर मिळत नाही, ती विकत घ्यावी लागते. ऱ्हायनोजची खरी अडचण इथेच होती. वरच्या लीगकडे डोळे लावून क्लबने २००६ मध्ये फुटबॉलसाठीच बांधलेले पेटेक पार्क हे स्टेडियम उघडले. दोन वर्षांतच मूळ मालक कर्जात बुडाले आणि क्लब दुसऱ्यांच्या हाती गेला. शहराचे दिवसही फिरले होते. एके काळी रॉचेस्टरमध्ये साठ हजार लोकांना रोजगार देणाऱ्या कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

तरीही २०१५ मध्ये बॉब लिली यांच्या हाताखालच्या संघाने साखळीतल्या २८ सामन्यांत फक्त एक गमावला आणि अंतिम सामन्यात एलए गॅलक्सीच्या दुसऱ्या संघाला जादा वेळेत २-१ ने हरवून यूएसएल ही तेव्हाची तिसऱ्या विभागाची लीग जिंकली. या संघाची आठवण १९९९च्या विजेत्यांइतकीच ठेवायला हवी. दोनच वर्षांनी, २०१७च्या हंगामानंतर, पैशांअभावी खेळ थांबला.

२०२१ मध्ये लेस्टर सिटीचा जेमी वार्डी सहमालक झाला. इंग्लंडच्या तळच्या विभागांतून वर चढत प्रीमियर लीगचा विजेता झालेला हा खेळाडू शिडीच नसलेल्या देशातल्या क्लबमध्ये पैसा घालत होता. 'रॉचेस्टर न्यू यॉर्क एफसी' या नव्या नावाने संघ २०२२ मध्ये एमएलएस नेक्स्ट प्रो या तिसऱ्या विभागात खेळला. बाकी सगळे संघ एमएलएस क्लबांचे राखीव संघ होते. स्वतंत्र क्लब हा एकटाच. सामने एका कम्युनिटी कॉलेजच्या मैदानावर झाले. तो हंगाम शेवटचा ठरला. क्लब बंद झाल्यावर दोनच महिन्यांत सॅन डिएगोला एमएलएसमध्ये जागा मिळाली; तिची किंमत सुमारे ५० कोटी डॉलर होती.