नास्तिक मित्राच्या शब्दाचा भरवसा नसतो?

"ज्याला देवाची भीती नाही त्याचा काय भरवसा, ख्रिश्चन माणसाने नास्तिकापासून लांबच राहावं" हा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय. पटतोही पटकन, कारण शपथ म्हटली की देवाचीच आठवते ना. पण बायबलच उघडून बघा, रोमकरांस पत्र २:१४-१५ मध्ये लिहिलंय की नियमशास्त्र (मोशेमार्फत देवाने दिलेले नियम) नसलेले लोकही आपसूक त्याप्रमाणे वागतात, ते त्यांच्या मनावरच लिहिलेलं असतं. आणि करिंथकरांस पहिलं पत्र ७:१२-१३ तर सरळ सांगतं, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं ६:१४, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जोडी जमवू नका, हे लग्न ठरवताना आडवं येतं हे खरं, पण नास्तिक खोटारडे असतात असं तिथेही नाहीये. बाकी तपासायचं कसं, तर सांगितलेलं गुपित बाहेर फुटलं का आणि उसने पैसे न मागता परत आले का, एवढं बघा, नास्तिक आणि देव मानणारे दोन्हीकडच्यांचं.