आगमनकाळातली शांती : मेणबत्तीच्या आधीचा इतिहास

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार हा त्यातला पहिला. तेव्हापासून अनेक चर्चमध्ये हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटते. आशा, शांती, आनंद, प्रीती अशी त्यांची नावं. शांतीची मेणबत्ती बहुतेक ठिकाणी दुसरी, काही परंपरांत चौथी.

पण दुसऱ्या रविवारी वाचला जाणारा शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, उतारा ऐकला तर शांत वाटावं असं त्यात फारसं काही नसतं. त्या दिवशी येशूच्या आधीचा संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान येतो. तीन वर्षांच्या वाचनक्रमात मत्तयच्या शुभवर्तमानाची पाळी असते त्या वर्षी तर तो समोरच्या प्रतिष्ठितांना ‘सापाच्या पिल्लांनो’ म्हणतो आणि कुऱ्हाड झाडाच्या मुळाशी ठेवली आहे, असं बजावतो. हा उतारा शांतीच्या रविवारी कसा? उत्तर सोपं आहे. उतारे आधीचे, मेणबत्त्या नंतरच्या. हे चक्र योहान हिन्रिक विचर्न या जर्मन पाळकाने १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या ‘राउहेस हाउस’ या गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केलं. लाकडी चाकावर रोजच्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या, म्हणजे नाताळ किती दिवसांवर आला ते मुलांना मोजता यावं. मेणबत्त्यांना गुणांची नावं देण्याची प्रथा त्याहूनही अलीकडची. मध्ययुगात आगमनकाळातल्या प्रवचनांचे ठरलेले विषय होते मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक.

मग या काळाशी शांतीचं नातं कधी जडलं? ते जुनंच आहे, फक्त ते मनःशांतीचं नातं नव्हतं. तलवार, शेत आणि न्यायालय यांच्याशी त्याचा संबंध होता.

आगमनकाळात सर्वांत जास्त वाचला जाणारा संदेष्टा यशया. तो इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात यरुशलेमेत बोलत होता. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अराम आणि इस्राएल या दोन शेजाऱ्यांनी मिळून यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चाल केली. घाबरलेल्या यहूदाच्या आहाज राजाने मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंचांदी पाठवून अश्शूरच्या सम्राटाकडे संरक्षण मागितलं. ते मिळालं, पण मोबदल्यात मांडलिकी आली. इ.स.पू. ७०१ मध्ये त्याच अश्शूरच्या फौजा यहूदात घुसल्या. यहूदातल्या लाखीश शहराच्या पाडावाची शिल्पं अश्शूरचा सम्राट सन्हेरीब याने आपल्या महालात कोरवून घेतली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात बैलगाडीवर चंबूगबाळं लादून निघालेली कुटुंबं दिसतात आणि जवळच खांबांवर टांगलेली माणसंही.

हे डोळ्यांसमोर ठेवून यशया वाचावा. ‘शांतीचा अधिपती’ हे शब्द सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्याच्या आदल्याच वचनात सैनिकांचे दणदणणारे जोडे आणि रक्ताने माखलेले कपडे आगीत घालायची गोष्ट आहे, ती सहसा कुणाला आठवत नाही. लांडगा कोकरासोबत राहील, या चित्राचंही तेच. त्याच्या आधी येणारा राजा गरिबांचा न्याय नीतीने करील, असं सांगितलेलं आहे. तलवारी मोडून नांगराचे फाळ होण्याआधीही राष्ट्राराष्ट्रांतला निवाडा येतो. यशयाच्या मांडणीत न्याय आधी, शांती नंतर. योहानाची कुऱ्हाडही याच परंपरेतली.

दुसरी पार्श्वभूमी रोमची. शुभवर्तमान लिहिणारा लूक येशूच्या जन्माची कथा ऑगस्टस कैसराच्या हुकुमाने सुरू करतो. हा कैसर शांतीचा मोठा प्रचारक होता. युद्ध थांबलं की जानुस देवतेच्या मंदिराची दारं लावायची रोमन रीत होती. आपल्या कारकिर्दीत ती तीनदा बंद झाली, हे त्याने स्वतःच्या कार्याच्या शिलालेखात नोंदवून ठेवलं. इ.स.पू. ९ मध्ये रोममध्ये शांतीची संगमरवरी वेदी अर्पण झाली, तीही युद्धदेव मार्सच्या मैदानावर. ही शांती जेत्यांची होती. लूकच्या कथेत मात्र पृथ्वीवरच्या शांतीची घोषणा ऐकतात ते रात्रपाळीचे मेंढपाळ.

आगमनकाळ स्वतः बराच नंतर आकाराला आला. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूरचा बिशप पेर्पेतुउस याने ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास लावून दिला. म्हणजे सुरुवात पश्चात्तापाच्या दिवसांची.

अकराव्या शतकात या उपासाच्या दिवसांना वेगळंच काम मिळालं. पश्चिम युरोपात मध्यवर्ती सत्ता खिळखिळी झाली होती आणि गढीवाले सरदार एकमेकांची शेतं लुटत होते. ९८९ मध्ये फ्रान्समधल्या शारू इथल्या धर्मसभेने शेतकऱ्यांची गुरं पळवणाऱ्यांना शाप दिला. १०२७ मध्ये तुलूज या लहानशा गावी (हे मोठं तुलूझ शहर नव्हे, आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या रूसियों प्रांतातलं गाव) शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत शत्रूवरही हल्ला करायचा नाही, असं ठरलं. पुढे मुदत वाढत गेली आणि १०४० च्या सुमारास आगमनकाळही तिच्यात आला. याला ‘देवाचा तह’ म्हणत. ११३९ मध्ये रोमला भरलेल्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने तो सगळ्या पाश्चात्त्य चर्चसाठी लिहून काढला : बुधवारच्या सूर्यास्तापासून सोमवारच्या सूर्योदयापर्यंत, तसंच आगमनकाळापासून प्रकटीकरणाच्या (६ जानेवारीच्या) सणानंतरच्या आठव्या दिवसापर्यंत लढाई बंद. तिसऱ्या ताकिदीनंतरही जो ऐकणार नाही त्याला बिशपाने बहिष्कृत करायचं आणि शेजारच्या बिशपांना तसं लेखी कळवायचं, म्हणजे तो दुसऱ्या गावी जाऊन प्रभुभोजन घेऊ शकणार नाही. त्याच्या आधीच्याच कलमात शेतकरी, व्यापारी, यात्रेकरू आणि नांगराची जनावरं यांना बारा महिने अभय आहे. नांगराच्या जनावरांची नोंद परिषदेच्या ठरावात यावी, हे मला या सगळ्या कागदपत्रांतलं सर्वांत यशयाच्या जवळचं वाटतं.

अर्थात या तहाला दुसरी बाजूही होती. १०९५ मध्ये क्लेर्माँत पोप दुसऱ्या अर्बनने ज्या सभेत हाच तह पुन्हा जाहीर केला, तिथेच पहिल्या क्रूसयुद्धाची हाक दिली. आपसातल्या तलवारी म्यान करायच्या त्या पूर्वेकडे उपसण्यासाठी. शिवाय तह म्हणजे निव्वळ विराम. सरदारांचे दावे होते तसेच राहिले आणि सण संपला की पुन्हा घोडे बाहेर.

विरामाची ही कल्पना पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, पुन्हा वर आली. पंधरावा बेनेडिक्ट तीनच महिन्यांपूर्वी पोप झाला होता. ७ डिसेंबरला, आगमनकाळातच, त्याने निदान देवदूत गायले त्या रात्रीपुरत्या तोफा थांबवा, अशी विनंती केली. सरकारांनी ती मानली नाही. नाताळला पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक आपणहून खंदकांबाहेर आले, त्यांनी मृतांना पुरलं, सिगारेटी वाटून घेतल्या. पुढच्या वर्षी असं काही होऊ नये म्हणून वरून सक्त हुकूम निघाले. बेनेडिक्टही केवळ विरामावर थांबला नाही. १ ऑगस्ट १९१७ च्या पत्रात त्याने युद्ध करणाऱ्या देशांपुढे अटी ठेवल्या : शस्त्रबळाच्या जागी न्यायाचं बळ, दोन्ही बाजूंनी शस्त्रकपात, तंट्यांसाठी लवाद, बळकावलेल्या प्रदेशांची परतफेड. एकाही मोठ्या सत्तेने त्या आधारावर बोलणी सुरू केली नाहीत.