कल्पित जगाची कालगणना

कल्पित जगाची कालगणना : अद्भुतरम्य कथा-कादंबरी, चित्रकथा किंवा रोलप्लेइंग गेम यांसाठी रचलेल्या जगाला दिवस, आठवडा, महिना, वर्ष, शक आणि सणवार यांची स्वतःची व्यवस्था देण्याची रीत. काम निम्मे खगोलाचे आणि निम्मे समाजाचे. आकाशातली चक्रे एकमेकांना निःशेष भाग देत नाहीत. जी बाकी उरते तिचे काय करायचे हे ठरवता ठरवता त्या जगातले पुरोहित, सावकार, कोळी, शेतकरी आणि सरकार आकाराला येतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून असे जग रचणाऱ्याला नमुन्यांसाठी फार लांब जावे लागत नाही.

पृथ्वीवर एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात आणि ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे असते. बारा चांद्रमास ३५४.३७ दिवसांत संपतात. जवळजवळ ११ दिवस उरतात. इस्लामी कालगणना ही बाकी सोडून देते, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ग्रेगोरियन कालगणना चंद्रालाच सोडते. आपले पंचांग चंद्र आणि ऋतू दोघांनाही धरून ठेवते आणि त्यापायी सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालते. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. दोन पावले मागे आणि मग एक मोठी उडी पुढे, अशी ही चाल. शिवाय अधिक महिना नुसता आकडा राहत नाही. तो धोंड्याचा महिना होतो, जावयाला तेहतीस अनारशांचे वाण मिळते, लग्ने थांबतात, मंगल कार्यालये ओस पडतात.

नवखे रचनाकार हमखास ३६० दिवसांचे वर्ष आणि तीस-तीस दिवसांचे बारा महिने घेतात. हिशोबाला ते सोयीचे असते. पण अशा जगात अधिक मास नाही, क्षयतिथी (मोजणीतून गळणारी तिथी) नाही, पंचांगकर्त्यांचे वाद नाहीत. खरे तर पंचांगकर्तेच नाहीत, कारण त्यांना तिथे कामच उरत नाही.

चंद्र केवळ महिना मोजत नाही, पाणीही हलवतो. ठाणे खाडीच्या काठची कोळी माणसे भरतीची वेळ तोंडी काढतात ती तिथीच्या पाऊणपटीने : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी जरा उशिरा चढते, तेवढे धरून चालायचे. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण येते, अष्टमीजवळ भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. म्हणजे तिथी ही इथे पूजेच्या आधी होडीच्या कामाची गोष्ट आहे. कल्पित जगाला चंद्र द्यायचा तर त्याच्या भरतीचा हिशोबही द्यावा लागतो, आणि दोन चंद्र दिले तर दोघांचे उधाण एकत्र येण्याचे दिवस वेगळे काढावे लागतात. बंदर, पूल, वेढा, तस्करी, सगळे त्या दिवसांभोवती फिरेल. निळसर दुसरा चंद्र नुसता शोभेला टांगून ठेवण्यात काही अर्थ नाही.

एक उदाहरण करून पाहता येते. समजा, एका खाडीप्रदेशाचे वर्ष ३८८.६ दिवसांचे आहे आणि चांद्रमास २३.४ दिवसांचा. सोळा महिने ३७४.४ दिवसांत संपतात, १४.२ दिवस उरतात. पाच वर्षांत ही बाकी ७१ दिवसांची होते. तीन अधिक महिने घातले की ७०.२ दिवस भरून निघतात. महिन्यांची लांबी पाचाच्या फेऱ्यात बसवता येते : तीन महिने २३ दिवसांचे, दोन २४ दिवसांचे, एकूण ११७. हे इथपर्यंत कोणताही मच्छीमार शिकू शकेल. पण पाच वर्षांमागे ०.८ दिवस अजून शिल्लक आहे. शंभर वर्षांत तो १६ दिवसांचा होतो आणि सुमारे १४६ वर्षांनी आणखी एक अख्खा महिना मागतो. हा नियम एका माणसाच्या आयुष्यात एकदाही लागू पडणार नाही अशी शक्यता आहे; त्यामुळे तो लिहून ठेवणाऱ्यांच्या हाती सत्ता जाते. सारा कोणत्या महिन्यात भरायचा, कर्जाची मुदत कधी संपते, हे तेच सांगणार. कथानक इथे आपोआप सुरू होते.

दिवस कधी सुरू होतो हेही ठरवावे लागते. पंचांगात सूर्योदयाला, इस्लामी परंपरेत सूर्यास्ताला, कचेरीत मध्यरात्री. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पण घड्याळांची एकी व्हायला पुढे बराच काळ लागला. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालू लागली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे होती. १९०६ साली भारतीय प्रमाण वेळ आली ती ३९ मिनिटे पुढे, आणि मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात दोन घड्याळे हा प्रकार कल्पनेत रचला असता तर संपादकाने तो ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता.

आठवड्याला आकाशाचा आधार नसतो, तो बाजाराचा असतो. मराठीत सात दिवसांच्या फेऱ्याला ‘आठवडा’ म्हणतात, कारण बाजारचा दिवस धरून मोजले की पुढचा बाजार आठव्या दिवशी येतो. कल्पित भाषेतही असा एखादा न जुळणारा शब्द ठेवावा.

शकाचा विचार मात्र निवांत करावा लागतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे ठाणे. तिथे १७८७ साली खोदकामात सापडलेल्या अरिकेसरी राजाच्या ताम्रपटात दानाचा काळ दिला आहे तो असा : शक राजाच्या काळाची एक उणे ९४० वर्षे गेल्यावर, पिंगल संवत्सरात, कार्तिक शुद्ध पौर्णिमेला, चंद्रग्रहण असताना. म्हणजे इ.स. १०१७. इथे वर्ष एकाच वेळी चार अंगांनी पकडले आहे : गेलेली वर्षे, साठ संवत्सरांच्या फेऱ्यातले नाव, महिना व तिथी, आणि वर ग्रहण. आकडा कोरताना चुकला तरी बाकीचे तीन पुरावे त्याला सरळ करतात. ‘अमुक युगाचे ३०४ वे वर्ष’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्या रचनाकाराने हा ताम्रपट डोळ्यांसमोर ठेवावा. शक सुरू करणे हा राज्यकर्त्याचा दावा असतो. १६७४ साली शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. शालिवाहन शक इ.स. ७८ पासूनचा, मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार तो २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिकेत आला खरा, पण घरोघरी गुढी उभी राहते ती चांद्र चैत्राच्या प्रतिपदेलाच.

याच कारणाने फार नीटनेटकी कालगणना खोटी वाटते. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आणि तीस दिवसांचे महिने लादले. सातातली एक सुटी जाऊन दहातली एक उरली, आणि १८०६ च्या पहिल्या दिवसापासून ती गणना रद्द झाली. नवी मुंबईची आखणी पाहिली की हे लगेच उमगते. १९७० साली हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाले, सेक्टरांना क्रमांक पडले, पण मधूनमधून आगरी-कोळ्यांची गावठाणे जशीच्या तशी राहिली. तिथल्या बोळांना सेक्टरचा काटकोन ठाऊक नाही आणि गावदेवीची जत्रा गावाच्याच तिथीला भरते. कल्पित कालगणनेतही अशी गावठाणे हवीत : सरकारी महिन्यात न बसणारा सण, नाव बदललेल्या महिन्यात अडकलेली जुनी म्हण, नेमके कारण कुणालाच आठवत नाही असा उपास.

दोन गणना शेजारी नांदताना काय होते तेही इथेच दिसते. एकाच सोसायटीत उत्तर भारतीय कुटुंबाचा सावन मराठी कुटुंबाच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो, कारण एकाचा महिना पौर्णिमेला संपतो आणि दुसऱ्याचा अमावास्येला. राखी दोघांची एकाच दिवशी. मासेमारीची सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी इंग्रजी तारखांनी बांधलेली, तर दर्याला नारळ अर्पण करायचा तो श्रावणी पौर्णिमेला, आणि २०२३ साली ती ३० ऑगस्टला आली. मधला महिना कोणाच्या पंचांगाने चालायचे, हा प्रश्न पोट आणि श्रद्धा दोन्हींचा.

शेवटी राहते भाषा. महिन्यांना चमत्कारिक नावे देणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी महत्त्वाचे. आपले चैत्र-वैशाखसुद्धा चित्रा-विशाखा नक्षत्रांवरून सरळ आलेले आहेत. बोलण्यात कालगणना मुरली आहे का, ते मात्र पाहावे. मराठी माणूस संकटावर संकट आले की ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतो. वरच्या खाडीप्रदेशात तो सतरावा महिना असेल, आणि पाच वर्षांत तीनदा येत असल्याने तिथल्या बायका तो शब्द बहुधा कंटाळून उच्चारतील.